चार मिलिमीटरची चूक

माझ्या नोकरीत दिवसाला दहा-बारा परक्या माणसांना डोळा मारावा लागतो. आई मला हे चारचौघांत बोलू देत नाही, पण त्यात खोटं काही नाही.

मी चष्म्याच्या दुकानात मापं घेते. माणूस खुर्चीत बसतो, मी त्याच्यासमोर हातभर अंतरावर. त्याच्या नाकावर एक छोटी पट्टी आडवी धरायची, आपला उजवा डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "माझ्या उघड्या डोळ्याकडे बघा." मग उजवा उघडायचा, डावा मिटायचा, आणि पुन्हा तेच वाक्य. असं केलं की त्याच्या दोन बुबुळांमधलं अंतर बरोबर मिळतं आणि काचेचा मध्य नेमका डोळ्यासमोर बसतो. डोळा बदलायला विसरलात, तर समोरच्याची दोन्ही बुबुळं एकाच डोळ्याकडे वळलेली राहतात आणि माप तीन-चार मिलिमीटर कमी भरतं. एवढ्याशा फरकानं बिचाऱ्याचं डोकं दुखत राहतं. ही चूक नवशिक्यांची. मला चार वर्षं झाली होती, एकही माप चुकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा ताठाही होता.

त्या दुपारी बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. आमच्या दुकानाचं दार काचेचं आहे, आणि एक माणूस चालत चालत सरळ त्या दारावर येऊन आदळला. आवाज एवढा झाला की आत डोळे तपासत बसलेले मालकही उठून बाहेर आले. माणूस मात्र कपाळ चोळत, दार चाचपत, शांतपणे आत शिरला. त्याच्या हातात मधोमध मोडलेल्या चष्म्याचे दोन तुकडे होते.

"माफ करा हं," तो माझ्या खांद्याकडे बघत म्हणाला, "दार फार स्वच्छ ठेवता तुम्ही."

"सकाळपासून पुसलेलं नाही."

"मग दोष माझाच. तुम्ही हसताय ना?"

"नाही."

"हसताय. आवाजात कळतं. आवाजावरच पोट आहे माझं."

तो निवेदक होता. बक्षीस समारंभ, गाण्यांचे कार्यक्रम, मोठमोठ्या कंपन्यांची संमेलनं... हातात माईक घेऊन चार तास लोकांना खुर्चीत बसवून ठेवायचं. आवाज असा, की त्यानं बसची वेळ विचारली तरी आपल्या मनातलं काहीतरी विचारलंय असं वाटावं. मालकांनी तपासलं. दोन्ही डोळे मायनस साडेचार. मग तो माझ्यासमोर येऊन बसला. केसांत पावसाचे बारीक थेंब, शर्टाची कॉलर ओली.

मी पट्टी धरली. उजवा डोळा मिटला. "माझ्या उघड्या डोळ्याकडे बघा."

तो बघायला लागला. मायनस साडेचारवाल्यांची नजर अशीच असते, ओलसर, हरवलेली, तुमच्यावर टिकलेली आणि तरी कुठेतरी लांब. हे मला पाठ होतं. पण पाठ असलेली गोष्ट ऐन वेळी आठवत नाही, हे माझं शाळेपासूनचं दुखणं आहे.

"किती वेळ बघायचं?" त्यानं हळूच विचारलं.

"मी सांगेपर्यंत."

"मग... नका सांगू."

त्यानंतर मी कोणता डोळा उघडला आणि कोणता मिटला, देव जाणे. चिठ्ठीवर आकडा लिहिला, चिठ्ठी आणि चष्म्याचे तुकडे निळ्या ट्रेमध्ये ठेवले आणि ट्रे खिडकीतून पलीकडे सरकवला.

ही खिडकी म्हणजे दुकान आणि मागच्या कारखान्यामधल्या भिंतीला पाडलेलं वीतभर भोक, त्याला सरकतं झाकण. पलीकडे काचा घासायचं यंत्र दिवसभर घरघरत असतं, पाणी उडतं, भुकटी उडते. तिथे काचा कापून फ्रेममध्ये बसवणारा जो होता, त्याला मी 'पलीकडचे' म्हणायची. तो मला 'बाहेरच्या' म्हणायचा. बोलणं फार नाही, कारण यंत्रापुढे ऐकू काही येत नाही. त्यामुळे जे काय असेल ते चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला. "पलीकडचे, या आजोबांना घाई आहे." — "बाहेरच्या, घाई आजोबांना असते, काचेला नसते." एकदा नुसतंच, "आज तुम्ही गुणगुणताय. यंत्र बंद होतं म्हणून कळलं." चार वर्षांत त्याचं अक्षर मी त्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाहिलं होतं. चहाला तो बाहेर यायचा, पण मान खाली घालून कपात बघत बसायचा आणि कप रिकामा झाला की आत जायचा.

तीन दिवसांनी निवेदक चष्मा न्यायला आला. घातल्याबरोबर त्यानं आरसा मागितला. बराच वेळ स्वतःला पाहून म्हणाला, "छान झालाय. तरी चष्म्यानं माणूस जरा वयस्कर दिसतो, नाही?" आणि काढून खिशात ठेवला. मग काउंटरवर हाताची कोपरं टेकून, तीच ओलसर नजर लावून म्हणाला, "तुम्ही मला डोळा मारला होतात. आता कॉफी तरी प्यायला हवी."

मी गेले. गेले म्हणजे काय, धावतच गेले.

दोन महिने मी हवेत होते. आठवड्यातून दोनदा, दुकान सुटल्यावर, रस्त्याच्या टोकाच्या कॉफीच्या दुकानात. गोल टेबल, मध्ये दोन कप, पलीकडे तो. चष्मा खिशात. हनुवटी हातावर टेकवून तो माझ्याकडे असा बघायचा की माझा कप तसाच गार व्हायचा. "आज तुझे डोळे दमलेले दिसतायत," तो म्हणायचा. बस, एवढंच. पण दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघणाऱ्या बाईला कुणी असं म्हटलं, तर तिचं काय होत असेल याचा विचार करा. दहा माणसं रोज माझ्या डोळ्यांकडे बघायची, ती मी सांगितलं म्हणून. हा न सांगता बघत होता.

"स्टेजवर भीती नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"छे. चष्मा काढला की समोर नुसते रंग. हजार माणसं असोत नाहीतर दोन... चेहरे दिसतच नाहीत, मग भीती कुणाची?"

मी यावर खूप हसले. तेव्हा ते वाक्य मला फार गोड वाटलं होतं.

आई मात्र हसत नव्हती. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "काय बोलतो गं तो?"

"खूप बोलतो. आज कार्यक्रमात काय झालं, लोक किती हसले..."

"आणि विचारतो काय?"

मी आठवून पाहिलं. "कसा दिसत होतो, ते."

"हं," आई म्हणाली आणि देठं गोळा केली. मग उठता उठता, "त्या तुझ्या पलीकडच्याला सांग, माझ्या चष्म्याची काडी मस्त बसली. ढिली झालीय हे मी बोललेही नव्हते. तू नुसता पुसायला म्हणून नेला होतास."

मी हो म्हटलं आणि सांगायला विसरले. त्या दिवसांत मी बरंच विसरत होते. खिडकीतून येणाऱ्या चिठ्ठ्यांच्या मागची बाजू कोरी यायला लागली होती, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकदा फक्त दोन ओळी आल्या होत्या. "बाहेरच्या, तुमचा चष्मा नाकावरून घसरतोय. सारखा वर करताय. दोन मिनिटं ट्रेमध्ये ठेवा." मी ठेवला. तो परत आला तेव्हा नाकावर असा बसला, जणू घातलेलाच नाही. मी आभाराची चिठ्ठीही पाठवली नाही. मला कॉफीला जायची घाई होती.

त्या दिवशी मी मुद्दाम पिवळा ड्रेस घातला होता. निवेदकाला पिवळा रंग आवडायचा. मी दहा मिनिटं आधी पोचले आणि आमच्या नेहमीच्या टेबलावर कुणी बसलेलं होतं, म्हणून भिंतीजवळच्या टेबलावर बसले. नेहमीच्या टेबलावर एक बाई होत्या. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या असतील. समोर पुस्तक, अंगात पिवळा कुर्ता.

तो आत आला. केसांतून हात फिरवला, हसला आणि सरळ त्या बाईंसमोर जाऊन बसला. हनुवटी हातावर टेकवली. तीच नजर. आणि त्याचा तो आवाज माझ्यापर्यंत स्वच्छ पोचला.

"फार वेळ झाला का येऊन? ...आज तुझे डोळे दमलेले दिसतायत."

बाईंनी पुस्तक खाली ठेवलं. "दमलेत खरे," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण तुम्ही कोण?"

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. तोही हसला, खिशातून चष्मा काढून घातला, सगळीकडे पाहिलं आणि मला शोधून काढलं. माझ्या टेबलापर्यंत येताना तो मजेत होता. "काय गं, रंग एकच ना! पुढच्या कार्यक्रमात सांगतोच हा किस्सा. लोक पडतील हसून." आणि बसता बसता चष्मा काढून पुन्हा खिशात ठेवला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. माझं डोकं त्या वेळी काय करत होतं सांगू? हिशेब. शंभराला साडेचारनं भागायचं. बावीस. मायनस साडेचारच्या माणसाला चष्म्याशिवाय बावीस सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं. वीतभर. टेबल त्याच्या तिप्पट रुंद होतं. दोन महिने तो ज्याच्याकडे टक लावून बघत होता, ते एक धुरकट पिवळं किंवा निळं किंवा हिरवं असं काहीतरी होतं. मी असते, किंवा पुस्तकवाल्या बाई असत्या, किंवा खुर्चीवर टाकलेला कोट असता, तरी नजर हीच राहिली असती. दुकानात शिकाऊ पोरीलासुद्धा हे गणित येतं. मलाच करायचं नव्हतं.

"माझा चष्मा कसा आहे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"काळा, लाल, जाड, बारीक... कसा आहे?"

"काळा... ना?"

माझा चष्मा सोनेरी तारेचा आहे, बिनकडांचा. तो वाईट माणूस नव्हता, हे मी आजही सांगेन. त्याला आपल्याकडे कुणी बघत असलं की आनंद व्हायचा, आणि मी फार मन लावून बघायची. एवढंच आमच्यात होतं. मी कॉफी संपवली, बरं नाही म्हणाले आणि निघाले. घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. आईनं एकदाही 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही, आणि आईसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी जुन्या चिठ्ठ्यांचा खोका काढला. मला त्याचा नंबर पुन्हा डोळ्यांनी पाहायचा होता. साडेचारच होता की मीच जास्त धरला? साडेचारच होता. पण त्याखाली, मापाच्या रकान्यात, माझ्या अक्षरात 'साठ' लिहिलेलं होतं. त्यावर पेन्सिलीनं एक हलकी रेघ, आणि शेजारी पलीकडच्यांच्या अक्षरात, 'चौसष्ट'.

मी बराच वेळ त्या रेघेकडे बघत उभी होते. मग खिडकीचं झाकण सरकवलं.

"पलीकडचे... हे काय आहे?"

यंत्र थांबलं. त्यानं चिठ्ठी पाहिली. खिडकीतून मला त्याची बाही दिसत होती, हात दिसत होते, बोटांच्या पेरांत साचलेली पांढरी भुकटी.

"माप कमी होतं," तो म्हणाला. "एवढ्या रुंद चेहऱ्याला साठ नसतं. त्यांचा मोडका चष्मा होता ट्रेमध्ये. तुकडे जोडून मोजलं."

"मला का नाही सांगितलंत?"

नळाचं पाणी टपटपत होतं.

"सांगितलं असतं," शेवटी तो म्हणाला, "तर चूक कशी झाली तेही विचारावं लागलं असतं. आणि ते... मला कळलं होतं."

झाकण त्यानंच हळूच ओढून घेतलं. यंत्र पुन्हा सुरू झालं. मी चिठ्ठी हातात घेऊन तशीच खोक्याजवळ बसले. मी प्रेमात पडलेय हे मला कळायच्या आधी या माणसाला एका आकड्यावरून कळलं होतं, आणि त्यानं फक्त आकडा दुरुस्त केला होता.

त्याच दुपारी मालकांनी चहाच्या वेळी सांगितलं की तो नोकरी सोडतोय. काचा बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात जागा मिळालीय, दुसऱ्या गावी, रेल्वेनं अख्खा दिवस लागतो. "महिनाअखेर शेवटचा दिवस. सोमवारी तिकडे हजर," मालक म्हणाले. "दोन वर्षं बोलावत होते ते लोक, हा जात नव्हता. गेल्या महिन्यात काय झालं कुणास ठाऊक, स्वतःहून कळवलंन."

पलीकडचा कपात बघत होता. मी माझ्या कपात बघत होते. मालक दोन्ही कपांकडे बघत होते.

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते मला नीट सांगता यायचं नाही. काही घडलं नाही, एवढंच सांगता येईल. मी ट्रे सरकवायची, ट्रे परत यायचा. मागची बाजू कोरी. घरी जाऊन मी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यातून, कपाटातल्या पुस्तकांमधून त्याच्या जुन्या चिठ्ठ्या शोधून काढायची. मी त्या ठेवल्या होत्या. का ठेवल्या होत्या, हे स्वतःला कधी विचारलं नव्हतं. "बाहेरच्या, आज सकाळपासून तुमचा आवाज बसलाय. गरम पाणी प्या." "बाहेरच्या, तुमची खुर्ची बुटकी आहे, मान वर करून मापं घेता. संध्याकाळी थांबून उंच केलीय." चार वर्षं त्या खुर्चीत बसून माझी मान कधी दुखली नव्हती, आणि मला वाटायचं की माझी मानच मजबूत आहे.

सकाळी यंत्र सुरू झालं नाही की माझा जीव खालीवर व्हायचा. सुरू झालं की वाटायचं, आला. आणखी एक दिवस. दुपारी घरघर थांबली की मी हातातलं काम सोडून कान द्यायची... आता झाकण सरकेल. सरकायचं नाही. पलीकडे नळ उघडल्याचा, हात धुतल्याचा आवाज यायचा, आणि मी इकडे उगीच फ्रेमा पुसत उभी राहायची. वीतभर भोक आणि एक लाकडी झाकण, एवढंच मध्ये होतं.

मग सांग ना त्याला, असं कुणीही म्हणेल. आईनं म्हटलंच. पण मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? कालपरवापर्यंत एकासाठी वेडी झालेली मुलगी आज दुसऱ्याला 'जाऊ नका' म्हणते. त्याला वाटलं असतं, तिकडे फिसकटलं म्हणून आता इकडे. तो काही बोलला नसता, मान खाली घालून ऐकून घेतलं असतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. शिवाय माझ्याकडे पुरावा काय होता? बोलणं तर निवेदकाकडेही भरपूर होतं.

शेवटचा शनिवार आला. दुपारी मालकांनी कारखान्याच्या दाराशी जाऊन हाक मारली. "अरे, नव्या नोकरीला डोळ्यांचा दाखला लागतो म्हणालास ना? ये, तपासून टाकतो."

पंधरा मिनिटांनी दोघं बाहेर आले. मालक हसत होते. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आयुष्यभर लोकांचे चष्मे केले, आणि स्वतःला नंबर आहे. मायनस पाऊण, दोन्हीकडे. घे गं याचं माप. स्वतःच्या हातानं करेल आणि घालूनच जाईल."

तो खुर्चीत बसला. चार वर्षांत पहिल्यांदा. हात गुडघ्यांवर ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. त्याच्या पापण्यांवर काचेची बारीक भुकटी होती, आणि डाव्या भुवईत एक छोटी जुनी खूण. ही खूण मी कधी पाहिलीच नव्हती.

मी पट्टी धरली. उजवा डोळा मिटला.

"माझ्या उघड्या डोळ्याकडे बघा."

त्यानं मान वर केली आणि पाहिलं. मायनस पाऊणवाल्याला हातभर अंतरावरचं सगळं स्वच्छ दिसतं. कपाळावरचा कांजिण्यांचा वण, नाकावरचा चष्म्याचा वळ, आदल्या रात्रीचं रडणं, सगळं. हे मला पाठ होतं, आणि या वेळी मात्र ऐन वेळी आठवलं. तो बघत होता आणि त्याला मी दिसत होते.

"पापणी लवू देऊ नका," मी म्हणाले.

"नाही लवत."

"जरा... सरळ."

"सरळच आहे. पट्टी तिरकी धरलीय."

मी आकडा वाचला, चिठ्ठीवर लिहिला आणि तोंड फिरवून फ्रेमांच्या कपाटाशी गेले. तो उठून आत गेला. मी ट्रे खिडकीतून सरकवला, पुढच्या गिऱ्हाइकाला बसायला सांगितलं आणि यंत्राच्या आवाजाची वाट बघत राहिले.

यंत्र सुरू झालं नाही.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मग झाकण सरकलं आणि ट्रे परत आला. त्यात माझीच चिठ्ठी होती. मापाच्या रकान्यात माझ्या अक्षरात 'एकसष्ट'. त्यावर पेन्सिलीची हलकी रेघ. मी चिठ्ठी उलटी केली.

"काम शिकताना आम्ही एकमेकांची मापं घ्यायचो. माझं शंभर जणांनी घेतलंय. पासष्ट आहे. चार वर्षांत ही दुसरी चूक. पहिलीचं कारण मला माहीत होतं. हिचं काय कारण?"

मी ते दोनदा वाचलं. मी डोळा बदलायला विसरले होते. पुन्हा. मला हसू आलं आणि त्याच वेळी चष्म्याच्या काचा आतून ओल्या झाल्या. मी तीन आठवडे जे शब्द शोधत होते त्यांची गरजच उरली नव्हती. पुरावा माझ्याच अक्षरात लिहिलेला होता, आणि तो वाचता येणारा माणूस जगात एकच होता.

त्याच्या ओळीखाली मी लिहिलं, "तेच. पण पहिल्या वेळी मला कुणी बघत नव्हतं. जाऊ नका."

ट्रे सरकवला. झाकण लागलं नाही. पलीकडे कागद हातात घेतल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग खुर्ची सरकल्याचा. तो खिडकीतून बोलला नाही. दारातून बाहेर आला, हात न पुसता, आणि माझ्या काउंटरसमोर उभा राहिला. समोर गिऱ्हाईक म्हणून बसलेल्या आजी दोघांकडे आळीपाळीनं बघायला लागल्या.

"उद्याचं तिकीट काढलंय मी," तो म्हणाला.

"माहितीय."

"पण चष्म्याशिवाय जाऊ नकोस म्हणाले मालक. आणि चष्म्याला माप हवं."

"पुन्हा घेते. बसा."

"बस म्हण."

"...बस."

आजींनी स्वतःहून उठून खुर्ची मोकळी केली. मी पट्टी धरली. तो बघायला लागला, आणि या वेळी हसतही होता. पहिल्यांदा बासष्ट भरलं. पुन्हा घेतलं, साठ. "आता दुसरा डोळा," तो मला शिकवायला लागला, "उजवा उघड, डावा मीट... अगं, दोन्ही नाही मिटायचे."

"काय चाललंय तिकडे?" मालकांनी आतून विचारलं. "किती आलं?"

"येतच नाहीये," मी म्हणाले.

शेवटी मालकांनी माझ्या हातातून पट्टी काढून घेतली आणि अर्ध्या मिनिटात माप घेतलं. पासष्ट. मग पट्टी माझ्या खिशात परत ठेवत ते म्हणाले की दुसरा कारागीर शोधायला त्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही, आळस झाला. कारखान्याला नकाराचं पत्र त्यानं तिथेच काउंटरवर बसून लिहिलं. तिकीट परत करायला आम्ही दोघं गेलो.

याला आता तीन वर्षं झाली. त्याचा नंबर दोनदा बदलला, आणि दोन्ही वेळा माप मालकांनीच घेतलं. मी घेतलं की अजूनही चुकतं.